बारावी सायन्सच्या गणिताची उजळणी : दिवाळीनंतरच्या बारा आठवड्यांचा आराखडा

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावी सायन्सचा गणिताचा पोर्शन बहुतेक कॉलेजांत आणि क्लासेसमध्ये दिवाळीच्या आगेमागे संपत येतो. लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. मधल्या काळात प्रिलिम येते, प्रॅक्टिकल येतात, जर्नलवर सह्या घ्यायच्या असतात, आणि फिजिक्स-केमिस्ट्रीही आपापला वाटा मागतात. गणितासाठी हाती उरतात ते साधारण बारा आठवडे, तेही रोज दीड तासाचे. एवढ्या वेळात उजळणी कशी बसवायची ते पुढे क्रमाने सांगतो.

त्याआधी एक गोष्ट, कारण सगळा आराखडा तिच्यावरच उभा आहे. पाठ्यपुस्तकातला एक्सरसाइज सोडवताना कोणती पद्धत वापरायची हे धड्याचं नावच सांगून टाकतं. ‘इंटिग्रेशन बाय पार्ट्स’ या मथळ्याखालची वीस गणितं बाय पार्ट्सनेच सुटणार, हे वही उघडण्याआधीच ठाऊक असतं. बोर्डाच्या पेपरात असा मथळा नसतो. समोर नुसतं गणित असतं आणि ते कोणत्या जातीचं आहे हे आपणच ओळखायचं असतं. पद्धत ओळखणं आणि पद्धत चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. बहुतेक मुलं उजळणीत दुसऱ्याच कामाचा सराव करतात आणि पहिल्या कामाशी गाठ पडते ती थेट परीक्षेच्या हॉलमध्ये. ‘घरी सगळं येत होतं, पेपरात सुचलं नाही’ ही तक्रार इथूनच येते.

पायरी पहिली : पेपरचा हिशेब मांडा

लेखी पेपर 80 गुणांचा आणि तीन तासांचा. उरलेले 20 गुण अंतर्गत. पेपरात चार विभाग असतात. ‘ए’ विभागात दोन-दोन गुणांचे 8 बहुपर्यायी आणि एकेका गुणाचे 4 छोटे प्रश्न, मिळून 20 गुण. हे सगळे सोडवायचे असतात. ‘बी’ विभागात दोन गुणांचे 12 प्रश्न, त्यांतले कोणतेही 8. ‘सी’मध्ये तीन गुणांचे 12, त्यांतले 8. ‘डी’मध्ये चार गुणांचे 8, त्यांतले 5.

छापलेल्या प्रश्नांची बेरीज केली तर 112 गुण होतात आणि सोडवायचे असतात 80. म्हणजे 32 गुणांचे प्रश्न सोडायची मुभा आहे. या मुभेच्या भरवशावर मुलं दोन-तीन धडे सरळ ऑप्शनला टाकतात. ‘बी’, ‘सी’, ‘डी’ विभागांत ते काही प्रमाणात खपून जातं. ‘ए’ विभागात मात्र सुटका नाही. ज्यांना 70 च्या वर जायचं आहे त्यांनी एकही धडा पूर्ण टाकू नये. धडा जड जात असेल तर त्यातला चार गुणांचा प्रश्न सोडून द्या, पण त्याची सूत्रं आणि एक-दोन गुणांचे प्रश्न हातचे ठेवा.

वेळेचाही हिशेब आत्ताच करा. 180 मिनिटांतली शेवटची 15 तपासणीसाठी बाजूला काढली तर 165 उरतात. ‘ए’ला 35 मिनिटं, ‘बी’ला 30, ‘सी’ला 50 आणि ‘डी’ला 50 अशी वाटणी बसते. दोन गुणांच्या गणिताला चार मिनिटांहून कमी वेळ मिळतो, हे आकडे नीट पाहा. जे गणित तुम्हाला ‘येतं’, पण सोडवायला नऊ मिनिटं लागतात, ते पेपरच्या दृष्टीने अजून यायचं आहे.

(सीबीएसईला असाल किंवा गोवा बोर्डाला, तर पेपरचा साचा वेगळा असेल. ही पायरी तुमच्या बोर्डाच्या नमुना प्रश्नपत्रिकेवर करा, पुढची पद्धत तीच.)

पायरी दुसरी : खरी परिस्थिती काय आहे ते बघा

पाठ्यपुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यात 7 धडे, दुसऱ्यात 8. वेळापत्रक करण्याआधी या पंधराही धड्यांची झाडाझडती घ्या. प्रत्येक धड्याच्या मिसलेनियस एक्सरसाइजमधून तीन गणितं निवडा. ती शक्यतो मित्राकडून किंवा मोठ्या भावंडाकडून निवडून घ्या, कारण आपण निवडायला बसलो की नजर नकळत ओळखीच्या गणितावर जाते. वही, गाइड, मोबाइल बाजूला. एका गणिताला पाच मिनिटं. हे काम एका बैठकीत होणार नाही, शनिवार-रविवारच्या दोन बैठका लागतील.

मग प्रत्येक धड्यापुढे तीनपैकी एक शेरा लिहा : हातचा, डळमळीत, कोरा. तिन्ही गणितं वेळेत आणि बरोबर सुटली तर हातचा. सुरुवात जमली पण मध्येच अडलं किंवा उत्तर चुकलं तर डळमळीत. सुरुवातच सुचली नाही तर कोरा. शेरा मारताना स्वतःशी कडक राहा. ‘हे मला येतं, आत्ता आठवलं नाही इतकंच’ असं वाटलं तर तो धडा डळमळीतच धरायचा. परीक्षेत नेमकं हेच घडतं.

पायरी तिसरी : धड्यांची साखळी ओळखा

पुस्तकाच्या क्रमाने पान एकपासून उजळणी सुरू करण्यात तोटा आहे. लॉजिक आणि मॅट्रिसेस चांगले पक्के होतात, तिथेच डिसेंबर उजाडतो आणि इंटिग्रेशन घाईत उरकावं लागतं. धडे एकमेकांवर कसे टेकलेत ते पाहून क्रम लावा.

सगळ्यात लांब साखळी कॅलक्युलसची. डिफरन्सिएशन कच्चं असेल तर ॲप्लिकेशन ऑफ डेरिव्हेटिव्ह जमत नाही. इनडेफिनिट इंटिग्रेशन कच्चं असेल तर डेफिनिट इंटिग्रेशन, क्षेत्रफळाचा धडा आणि डिफरन्शियल इक्वेशन हे तिन्ही एकदम लंगडे पडतात. दुसऱ्या भागातले पहिले सहा धडे म्हणजे खरं तर एकच मोठा धडा आहे. तुमच्या यादीत इनडेफिनिट इंटिग्रेशनपुढे ‘कोरा’ असेल तर बाकीच्या शेऱ्यांकडे नंतर बघा, पहिला हात तिथे घाला.

या साखळीच्याही तळाशी अकरावीची ट्रिगोनोमेट्री आहे. साइन वर्गाचं रूपांतर कॉस दुप्पट कोनात करता येत नाही म्हणून इंटिग्रेशन अडतं, आणि विद्यार्थ्याला वाटतं आपलं इंटिग्रेशन कच्चं आहे. दुप्पट कोन, निमपट कोन, गुणाकाराची बेरीज करण्याची सूत्रं, इन्व्हर्स फंक्शनच्या मर्यादा, एवढं एका पानावर लिहून पहिल्याच आठवड्यात पक्कं करा.

दुसरी साखळी छोटी आहे. अकरावीचे डिटर्मिनंट, त्यावर व्हेक्टर्स, त्यावर लाइन अँड प्लेन. तीन व्हेक्टरचा स्केलर ट्रिपल प्रॉडक्ट काढायचा, चार बिंदू एकाच प्रतलात आहेत का ते बघायचं किंवा एकमेकींना न छेदणाऱ्या दोन रेषांमधलं किमान अंतर काढायचं, तर हात डिटर्मिनंटवर बसलेला हवा. इथे सूत्र विसरल्यामुळे जेवढे गुण जातात, त्याहून जास्त चिन्हाच्या चुकीमुळे जातात.

लॉजिक, मॅट्रिसेस, लिनियर प्रोग्रॅमिंग, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन, बायनॉमियल हे धडे बऱ्यापैकी सुटे आहेत. ते केव्हाही घेता येतात, म्हणून त्यांचा उपयोग जड धड्यांच्या जोडीला करायचा. पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्सही याच गटात.

पायरी चौथी : बारा आठवडे

पहिले आठ आठवडे धड्यांसाठी, पुढचे तीन पेपरसाठी आणि शेवटचा हलका. दर आठवड्याला एक जड आणि एक हलका धडा, अशी जोडी :

- पहिला : ट्रिगोनोमेट्रिक फंक्शन्स (अकरावीच्या सूत्रांसह) आणि लॉजिक
- दुसरा : डिफरन्सिएशन आणि मॅट्रिसेस
- तिसरा : ॲप्लिकेशन ऑफ डेरिव्हेटिव्ह आणि लिनियर प्रोग्रॅमिंग
- चौथा आणि पाचवा : इनडेफिनिट इंटिग्रेशन, पाचव्यात जोडीला पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स
- सहावा : डेफिनिट इंटिग्रेशन आणि क्षेत्रफळ
- सातवा : डिफरन्शियल इक्वेशन, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन आणि बायनॉमियल
- आठवा : व्हेक्टर्स, लाइन अँड प्लेन

तुमच्या झाडाझडतीत जे धडे हातचे निघाले त्यांचा वेळ निम्मा करा आणि तो कोऱ्या धड्यांना द्या. ही यादी सगळ्यांना जशीच्या तशी लागू पडणार नाही. साखळीचा क्रम तेवढा मोडू नका.

रोजचा दीड तास असा वाटा : पहिली 15 मिनिटं सूत्रं न बघता लिहायला, मधली 50 मिनिटं आठवड्याच्या धड्याला, शेवटची 25 मिनिटं आधीच्या आठवड्यांच्या मिसळीला. हा शेवटचा तुकडा फार मोलाचा आहे आणि वेळ कमी पडला की मुलं नेमकी त्यालाच कात्री लावतात. कमी करायचंच झालं तर मधल्यातून करा. शनिवारी एक तासाची मिश्र चाचणी घ्या. रविवारी चुकांची वही चाळा आणि मग गणिताला सुट्टी द्या.

प्रिलिम मध्ये आली म्हणून आराखडा कोलमडू देऊ नका. तिच्या आधीच्या तीन-चार दिवसांत नवा धडा न घेता झालेल्याच धड्यांची मिसळ सोडवा. प्रिलिममध्ये कमी गुण पडले तर घरात वातावरण तापतं. पालकांना माझं सांगणं आहे की त्या दिवशी गुणांच्या आकड्याआधी उत्तरपत्रिका मागा आणि मुलाबरोबर बसून गुण कुठे गेले ते पाहा. आकड्यावरून पुढच्या सहा आठवड्यांत काय करायचं हे कळत नाही, उत्तरपत्रिकेवरून कळतं.

पायरी पाचवी : एका बैठकीत काय करायचं

उजळणीला बसल्यावर मुलं पहिल्यांदा सोडवलेलं गणित वाचतात. वाचताना सगळं पटतं, पान उलटतं आणि अभ्यास झाल्यासारखा वाटतो. पटणं आणि स्वतःला सुचणं यांत फार अंतर आहे. म्हणून क्रम उलटा करा.

पुस्तक बंद. कोऱ्या कागदावर त्या धड्याची सूत्रं आठवतील तेवढी लिहा. सात-आठ मिनिटं अडखळत बसावं लागलं तरी बसा. मग पुस्तक उघडून राहिलेली आणि चुकलेली सूत्रं लाल पेनाने भरा. उद्या पहिल्या पंधरा मिनिटांत या लाल ओळींपासूनच सुरुवात. चार-पाच दिवसांत लाल शाई कमी होत जाते आणि उरतात ती तुमची खरी अडचणीची सूत्रं. भिंतीवर चिकटवायचीच असतील तर एवढीच चिकटवा. छापील सूत्रांचा आख्खा तक्ता दोन दिवसांनी नजरेलाही पडत नाही.

त्यानंतर गणितं. अडलं की लगेच उत्तर बघायचं नाही. तीन मिनिटं स्वतः झगडा. तरी सुचलं नाही तर उत्तराची फक्त पुढची एक ओळ बघा, पुस्तक झाका आणि तिथून पुढे स्वतः न्या. पूर्ण उत्तर बघावं लागलं तर त्या गणिताच्या नंबराभोवती गोल करा. तेच गणित दोन दिवसांनी, मग आठवड्याने, पुन्हा कोऱ्या कागदावर सोडवायचं. गोल खोडायचा तो आठवड्याने विनामदत सुटल्यावरच.

गणितं किती सोडवावीत? एकाच प्रकारची वीस सोडवण्याऐवजी पाच सोडवा आणि उरलेला वेळ मिसळीला द्या. हात बसेपर्यंत सराव हवाच, तोही विशेषतः इंटिग्रेशनमध्ये. पण एकदा हात बसला की सोळावं गणित नवीन काही शिकवत नाही.

पायरी सहावी : मिसळ, आणि ओळख पटवण्याचा सराव

अमेरिकेतल्या डग रोहरर आणि केली टेलर यांचा 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग गणिताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवा. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना काही अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका प्रकारची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने सगळ्या प्रकारांची सरमिसळ करून. सराव चालू असताना सलगवाल्यांची 89 टक्के गणितं बरोबर येत होती, मिसळवाल्यांची 60 टक्के. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा सलगवाल्यांची 20 टक्के बरोबर आली, मिसळवाल्यांची 63 टक्के. मिसळीचा सराव करताना आपण मागे पडतोय असं वाटतं आणि म्हणूनच मुलं तो टाळतात. त्या वाटण्यावर विश्वास ठेवू नका.

मिसळ करण्याची सोपी तऱ्हा म्हणजे चिठ्ठ्यांचा डबा. धडा झाला की त्यातली आठ-दहा चांगली गणितं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवा. गणित पूर्ण लिहायचं, धड्याचं नाव लिहायचं नाही. रोजच्या शेवटच्या 25 मिनिटांत डब्यातून चार चिठ्ठ्या काढायच्या. आठव्या आठवड्यापर्यंत डब्यात सव्वाशेच्या आसपास चिठ्ठ्या होतात आणि तोवर कोणती चिठ्ठी कोणत्या धड्यातली हे आठवतही नाही. पेपरातही हेच होणार असतं.

प्रत्येक चिठ्ठी सोडवण्याआधी एक ओळ लिहा : कोणती पद्धत आणि कशावरून. ‘कशावरून’ हा भाग टाळू नका. तो कसा लिहायचा ते एका गणितावरून बघू.

डेफिनिट इंटिग्रेशन, मर्यादा 0 ते पाय. अंशात एक्स गुणिले साइन एक्स, छेदात 1 अधिक कॉस वर्ग एक्स. अंशात गुणाकार दिसला की हात आपोआप बाय पार्ट्सकडे जातो. छेदामुळे ते जड होतं आणि पाच मिनिटं जातात. आता गणिताकडे नुसतं बघा. त्रास देणारा एकटा एक्स आहे, तो नसता तर बाकीचं सोपं होतं. मर्यादेची सुरुवात 0 आहे, शेवट पाय. एक्सच्या जागी पाय वजा एक्स ठेवला तर साइन तसाच राहतो, कॉसचं चिन्ह बदलतं पण वर्गात ते नाहीसं होतं. म्हणजे एकट्या एक्सच्या जागी पाय वजा एक्स येतो, बाकी सगळं जसंच्या तसं. मूळ रूप आणि हे नवं रूप यांची बेरीज केली की एक्स उडतो. डावीकडे उत्तराची दुप्पट, उजवीकडे पाय गुणिले नुसत्या साइन भागिले 1 अधिक कॉस वर्गाचं इंटिग्रेशन. कॉस एक्स बरोबर टी ठेवा, टॅन इन्व्हर्स येतो, मर्यादा 1 आणि उणे 1, किंमत पाय भागिले 2. म्हणजे दुप्पट बरोबर पाय वर्ग भागिले 2 आणि उत्तर पाय वर्ग भागिले 4.

या गणितातून उत्तर लक्षात ठेवायचं नसतं. वहीत उतरवायची ओळख अशी : ‘खालची मर्यादा 0, बाहेर एकटा एक्स, आणि वरच्या मर्यादेतून एक्स वजा केला तरी बाकीचं फंक्शन बदलत नाही, तर हा गुणधर्म वापर.’ पुढच्या वेळी अंशात साइनऐवजी दुसरं काही असलं तरी ही ओळख कामाला येते.

अशा ओळखी प्रत्येक धड्यात आहेत. ई च्या एक्स घाताला कंसाने गुणलेलं दिसलं तर कंसात एक फंक्शन आणि त्याचंच डेरिव्हेटिव्ह यांची बेरीज आहे का बघा. डिफरन्शियल इक्वेशनमध्ये अंश-छेदाच्या सगळ्या पदांची घात सारखी असेल तर वाय बरोबर व्ही एक्स. रेषांच्या जोडीत एक्स वर्ग आणि वाय वर्ग यांच्या सहगुणकांची बेरीज 0 आली तर रेषा काटकोनात. बायनॉमियलमध्ये मीन 4 आणि व्हेरियन्स 2.4 दिलं तर आधी भागाकार करा. 0.6 म्हणजे अपयशाची शक्यता, मग यशाची 0.4 आणि एकूण प्रयत्न 10. अशी पन्नासेक ओळखींची स्वतःच्या हाताने लिहिलेली वही बाजारातल्या कुठल्याही गाइडपेक्षा उपयोगी पडते.

पायरी सातवी : चुकांची वही

चूक झाली की ‘सिली मिस्टेक’ म्हणून पुढे जायची सवय घातक आहे. तीच चूक दर पंधरा दिवसांनी भेटते. चुकांच्या वहीत प्रत्येक चुकीला एकच ओळ द्या : काय केलं, काय करायला हवं होतं. शेजारी प्रकार लिहा : ओळख चुकली, सूत्र चुकलं, आकडेमोड चुकली किंवा लिखाण अपुरं राहिलं.

शेवटच्या प्रकाराकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. उदाहरण घ्या. 36 मीटरची तार वाकवून आयत करायचा, क्षेत्रफळ जास्तीत जास्त हवं. एक बाजू एक्स धरली तर दुसरी 18 वजा एक्स. क्षेत्रफळ 18 एक्स वजा एक्स वर्ग. डेरिव्हेटिव्ह 18 वजा 2 एक्स, ते 0 धरलं की एक्स बरोबर 9. पुष्कळ मुलं इथे ‘बाजू 9 मीटर’ लिहून थांबतात. उत्तर बरोबर आहे, पण हे क्षेत्रफळ जास्तीत जास्त आहे की कमीत कमी, हे अजून दाखवलेलंच नाही. दुसरं डेरिव्हेटिव्ह उणे 2 येतं, ते 0 पेक्षा लहान, म्हणून एक्स बरोबर 9 ला क्षेत्रफळ महत्तम, आणि मग दोन्ही बाजू 9 मीटर, म्हणजे चौरस. या दोन ओळी नसतील तर पूर्ण गुणांची अपेक्षा धरू नका. बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात.

अशाच आणखी जागा : इनडेफिनिट इंटिग्रेशनच्या शेवटी अधिक सी, डेफिनिटमध्ये टी ठेवल्यावर बदललेल्या मर्यादा, लिनियर प्रोग्रॅमिंगमध्ये रेखांकित भागाच्या प्रत्येक कोपऱ्याची किंमत दाखवणारा तक्ता, ट्रुथ टेबलनंतरचं निष्कर्षाचं वाक्य. तीन विधानं असतील तर टेबलच्या ओळी 8 भरल्या का तेही बघा. मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढला की मूळ मॅट्रिक्सच्या पहिल्या ओळीला इन्व्हर्सच्या पहिल्या स्तंभाने गुणून बघा. 1 यायला हवा. दुसऱ्या स्तंभाने गुणलं तर 0. वीस सेकंदांत चार गुणांची बरीचशी खातरी होते.

पायरी आठवी : पेपर सोडवा आणि स्वतः तपासा

नवव्या ते अकराव्या आठवड्यात आठवड्याला दोन पूर्ण पेपर. वेळ शक्यतो परीक्षेचीच, सलग तीन तास, मध्ये उठायचं नाही. सध्याची पाठ्यपुस्तकं 2020 पासूनची आहेत, त्यामुळे त्याआधीचे पेपर जसेच्या तसे उपयोगाचे नाहीत. 2021 ची परीक्षा कोरोनामुळे रद्द झाली आणि 2022 ची कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली. म्हणून 2023 पासूनच्या फेब्रुवारी-मार्चच्या आणि जुलैच्या पुरवणी परीक्षेच्या पेपरांना पहिलं स्थान द्या. जुलैचे पेपर बरीच मुलं पाहतही नाहीत, त्यामुळे ते तुमच्यासाठी कोरे असतात. ते संपले की वेगवेगळ्या कॉलेजांचे प्रिलिमचे पेपर घ्या.

तपासणी त्याच दिवशी, दुसऱ्या रंगाच्या पेनाने, पायरीपायरीने गुण देत. शक्य असेल तर मित्राबरोबर पेपर बदला. दुसऱ्याच्या वहीत राहिलेली पायरी लगेच दिसते आणि मग आपल्याही वहीत दिसू लागते. पेपर सोडवायला तीन तास लागले तर तपासून चुका वहीत उतरवायला दीड तास ठेवा. न तपासलेल्या सहा पेपरांपेक्षा तपासलेले तीन बरे.

प्रश्न निवडण्याचाही सराव इथेच होतो. ‘डी’ विभागातले 8 प्रश्न आधी वाचून घ्या आणि हमखास येणाऱ्या 5 वर खूण करा. अर्धं सोडवून सोडलेला चार गुणांचा प्रश्न सगळ्यात महाग पडतो.

वेळ कमी असेल तर

जानेवारीत हे वाचत असाल आणि बरेच धडे कोरे असतील, तर वरची साखळी बाजूला ठेवा. सुटे आणि आटोपशीर धडे आधी घ्या : लॉजिक, मॅट्रिसेस, लिनियर प्रोग्रॅमिंग, बायनॉमियल, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स. मग डिफरन्सिएशन, कारण त्याचे नियम ठरलेले आहेत आणि सरावाने पटकन बसतात. त्यानंतर इंटिग्रेशनची प्रमाणित सूत्रं आणि सब्स्टिट्यूशन एवढंच. त्याच्या जोरावर क्षेत्रफळाची आणि व्हेरिएबल सेपरेबल प्रकारची सोपी गणितं सुटू लागतात. या वाटेने पेपरभर दोन-तीन गुणांचे प्रश्न हाती लागतात. ‘डी’ विभागात जे जमेल ते.

शेवटचा आठवडा आणि परीक्षेचा दिवस

या आठवड्यात नवीन गणित नाही, नवीन गाइड नाही, मित्राने पाठवलेली ‘मोस्ट आयएमपी’ची यादी नाही. चुकांची वही, ओळखींची वही, गोल केलेली गणितं आणि पाठ्यपुस्तकातले बहुपर्यायी प्रश्न, बस. रात्री जागून सूत्रं पाठ केली तर दुसऱ्या दिवशी आकडेमोडीत चुका वाढतात. आकडेमोड झोपेवर चालते.

कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. म्हणून बारा आठवडे कॅल्क्युलेटरला हात लावू नका. आलेखाचा कागद लागत नाही, कच्ची आकृती पुरते, पण अक्षांना नावं आणि बिंदूंना किंमती लिहा. प्रत्येक विभाग नव्या पानावर सुरू करा.

बहुपर्यायी प्रश्नांबाबत प्रश्नपत्रिकेवर छापलेली सूचना फार जण वाचत नाहीत. पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं. नुसतं अक्षर लिहिलं किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर गुण मिळत नाहीत. एकच प्रश्न दोनदा सोडवला तर पहिलाच प्रयत्न धरला जातो. म्हणून हे प्रश्न आधी कच्च्या जागेत सोडवून, खातरी झाल्यावरच उत्तर उतरवा. 16 गुणांचा मामला आहे. घरच्या प्रत्येक सराव पेपरात असंच लिहा.

सीईटीचं काय?

एमएचटी-सीईटीच्या गणितात 90 मिनिटांत 50 प्रश्न असतात, प्रत्येकी 2 गुण, चुकीच्या उत्तराला गुणवजावट नाही. सुमारे 80 टक्के भाग बारावीचा आणि 20 टक्के अकरावीच्या ठरावीक धड्यांचा. बोर्डाच्या परीक्षेपर्यंत सीईटीसाठी वेगळा अभ्यास काढू नका. शनिवारच्या मिश्र चाचणीत दहा बहुपर्यायी प्रश्न वेळ लावून घातले की पुरे. त्यातून ‘ए’ विभागाचीही तयारी होते. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की अकरावीचे सरळ रेषा, वर्तुळ, लिमिट, परम्युटेशन-कॉम्बिनेशन हे धडे काढा आणि त्यांच्या चिठ्ठ्या त्याच डब्यात टाका. बारावीच्या चिठ्ठ्या आता वेळ लावून काढायच्या. इथे पायऱ्यांना गुण नाहीत आणि एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत, त्यामुळे ओळख पटायला लागणारा वेळच सगळ्यात आधी कमी करायला हवा.